तिसरा कागद

हबीबने अर्धा श्वास सोडला, अर्धा धरून ठेवला आणि चटईवर पालथा पडून बंदुकीवरच्या दुर्बिणीतून तिसऱ्या कागदावरचं काळं वर्तुळ शोधू लागला. वर्तुळ सापडायचं आणि निसटायचं. एप्रिलच्या उन्हानं मुरूम असा तापला होता, की शंभर मीटरवरचे तिन्ही कागद पाण्यात सोडल्यासारखे हलत होते. त्याने घोड्यावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"हबीबभाई, मुहूर्त पाहताय का?" मागून अभिमन म्हणाला. "आमच्याकडे लग्न लागायलासुद्धा एवढा वेळ लागत नाही."

"गप रे," ज्ञानेश्वरने त्याला दटावलं. "माणूस बंदुकीमागे असला की बोलायचं नाही."

छर्रा सुटला. एअर गनचा आवाज तो काय, कोणी जोरात थुंकावं एवढाच. हबीबला वाटलं, बरोबर गेला. लगेच वाटलं, छे, हात हलला. याआधीचे चारही असेच गेले होते, म्हणजे गेले की नाही तेच कळलं नव्हतं. तो उठून बसला, चष्मा सदऱ्याला पुसला आणि कोणाकडे न बघता म्हणाला, "झाले पाच."

तिघांची ही दर उन्हाळ्यातली वारी. जळगावात अभिमनची डाळमिल. ज्ञानेश्वर फौजेतून हवालदार म्हणून सुटला तेव्हा पहिली नोकरी त्याने त्याच मिलच्या फाटकावर केली. आणि अभिमनच्या मुलीच्या लग्नातले दागिने हबीबने घडवले. फौजेत असताना ज्ञानेश्वरने राजस्थानच्या वाळूत पडून लांबचे नेम मारले होते. त्याच्या तोंडून ते ऐकून ऐकून अभिमनने आठ वर्षांपूर्वी जाहीर केलं, की आपण तिघं जैसलमेरला जाऊन वाळवंटात बंदूक चालवायची. आठ वर्षांत तिकीट काही निघालं नाही. निघाली ती अभिमनची जीप, तीही पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या वाटेवरच्या त्याच्या बंद पडलेल्या खदानीपर्यंत. तिथे गवताची काडी नाही, पाठीमागे पन्नास फुटांची दगडी भिंत. त्या जागेचं नाव पडलं जैसलमेर. दुधाची तहान ताकावर भागवावी तसला प्रकार, पण तिघंही खूश होते.

हबीब मात्र यंदा मजेला आला नव्हता. चाळीस वर्षं तो सोन्यात खडे बसवत होता आणि गेल्या महिन्यात त्याच्या हातची एक नथ पेठेतून परत आली होती. मधला खडा केसभर तिरका. सराफ रुपचंदशेठ काही रागावले नाहीत, तेच हबीबला जास्त लागलं. "एक मोठा हार आलाय," शेठ म्हणाले होते, "सव्वादोनशे खडे. तुझ्याशिवाय कोणाला देववत नाही. पण आधी डोळे दाखवून ये, मग सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांग."

डॉक्टरकडे जायला हबीबचा पाय उचलेना. तिथे तो भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणार, आणि एखादं अक्षर चुकलं तर चाळीस वर्षं एका मिनिटात संपणार. त्यापेक्षा त्याने स्वतःच परीक्षा ठरवली. पाच छर्रे, शंभर मीटर. पाचही बांगडीएवढ्या वर्तुळात बसले तर हार घ्यायचा. नाही बसले तर चिमटा आणि भिंग पुतण्याच्या हवाली करायचं आणि घरी बसायचं. हे त्याने फक्त बायकोला, सिताराला, सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "डोळ्यांचा डॉक्टर सोडून दगडाच्या खाणीत कोण जातं?"

"चला, निकाल," अभिमन गुडघा धरून उठला. त्या गुडघ्यापायीच आज नवा कायदा झाला होता. एरवी एकेकाचा कागद लागायचा, पाच छर्रे झाले की जाऊन बदलायचा. या वेळी त्याने तिन्ही कागद एका फळीवर ओळीने टाचून टाकले होते, सगळ्यांचं आटोपल्यावर एकदाच चालायला लागावं म्हणून. पहिला ज्ञानेश्वरचा, मधला माझा, तिसरा हबीबभाईचा, असं त्याने चटईवरूनच वाटप केलं होतं.

शंभर मीटर चालायला कितीसा वेळ लागतो? हबीबला तो फार लागला. पाऊल पुढे पडावं असंही वाटत होतं आणि फळी आणखी लांब जावी असंही वाटत होतं. अभिमन आधी पोचला. उजव्या टोकाच्या कागदापुढे उभा राहून त्याने मान वाकडी केली.

"हबीबभाई, हा काय प्रकार आहे?"

कागद कोरा होता. वर्तुळात नाही, वर्तुळाबाहेर नाही, कोपऱ्यातसुद्धा एक भोक नव्हतं. हबीबने जवळ जाऊन बघितलं, मग मागची बाजू बघितली. एखादा चुकला असता, दोन चुकले असते, पण पाचच्या पाच? खडा केसभर तिरका बसणं निराळं आणि अख्खा कागद न दिसणं निराळं. मग इतके दिवस हात काय करत होता, डोळे काय बघत होते?

"थांबा, थांबा," अभिमन डावीकडे सरकला होता. "माझी तीनच आहेत, दोन छर्रे मातीत गेले असतील, सोडा. पण इकडे बघा. ज्ञाना, तू छर्रे किती मारले?"

"पाच."

"मग इथे पाचाहून जास्त भोकं कशी?"

तिघंही डाव्या टोकाच्या कागदावर वाकले. वर्तुळाच्या मधोमध एक फाटका, दातेरी खड्डा होता. तीन-चार-पाच छर्रे एकाच जागी गेल्याशिवाय तसला खड्डा होत नाही. बाकीची पाच भोकं कागदभर उधळली होती, एक तर कागदाच्या काठाला.

अभिमनने क्षणभर विचार केला आणि हसत सुटला. हसता हसता त्याने गुडघाही धरला.

"अहो, तुम्ही उजवीकडून मोजलं! तिसरा कागद उजवीकडून मोजला! घरात मसाल्याचे डबेसुद्धा तुम्ही उजवीकडून लावता, वहिनी सांगतात ना. उर्दू शाळेतली सवय काही सुटत नाही. शेजाऱ्याच्या घरात घुसलात, राव!"

हबीबलाही हसू आलं. खरंच की, त्याने उजवीकडूनच मोजलं होतं. डावीकडून मोजतात हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. म्हणजे कागद दिसत होता. कागद दिसत होता! पण हसू पुरतं उमटायच्या आत अभिमनने बोट ठेवलं.

"हा मधला घोस ज्ञानाचा, यात वादच नाही. फौजेचा हात आहे. आणि ही पाखरं तुमची."

पाखरं. हबीबने उधळलेल्या भोकांकडे पाहिलं. त्यातलं एकही बांगडीत बसत नव्हतं. झालं तर मग, त्याने मनाशी म्हटलं. ठरवलं होतं ते झालं, आता कोणाला दोष द्यायचा? त्याने ज्ञानेश्वरकडे पाहिलं. असल्या वेळी ज्ञानेश्वर पाठीवर थाप मारून वाऱ्याचा हिशेब समजावून सांगायचा. आज तो खदानीच्या भिंतीकडे बघत उभा होता.

अभिमनला वेगळीच घाई होती. एक मेपासून धुळ्यात त्याच्या ओळखीच्या एका संस्थेत नेमबाजीचा वर्ग सुरू होणार होता आणि उस्ताद म्हणून ज्ञानेश्वरचं नाव त्यानेच पुढे केलं होतं. संस्थेतले दोघे-तिघे कुरकुरत होते, की माणूस साठीचा आहे. त्याने खिशातून पेन काढून उधळलेल्या पाच भोकांवर बारीक फुल्या मारल्या, मधल्या खड्ड्याभोवती गोल काढला, मोबाइलने फोटो घेतला आणि तिथल्या तिथे पाठवून दिला.

"गेला ग्रुपवर. आता कुरकुरा म्हणावं," तो म्हणाला आणि पाण्याची बाटली आणायला जीपकडे लंगडत निघाला.

कागद उतरवायचं काम हबीबकडे आलं. पिना काढून कागद सोडवताना त्याचं बोट एका फुलीवरच्या भोकाला लागलं आणि तिथेच थांबलं. चाळीस वर्षं बोटांनी मापं घेतली की बोटं डोक्याला विचारत नाहीत. भोक मोठं होतं. त्याने सदऱ्याच्या खिशातून आपला एक छर्रा काढून त्यात घातला. छर्रा सळकन पलीकडे जाऊन मुरमात पडला.

ज्ञानेश्वरची बंदूक परवान्याची, जाड नळीची. तिचा छर्राही जाड. हबीब आणि अभिमन यांची बंदूक एकच, पातळ नळीची, छर्रा बारीक.

कागद फाटला असेल, हबीबला वाटलं. त्याने दुसऱ्या फुलीत छर्रा घातला. तोही पडला. तिसरा पडला, चौथा पडला. मग मधल्या खड्ड्याच्या काठावर जे अर्धगोल दाते होते, त्यातल्या एकेकात त्याने आपला छर्रा टेकवून पाहिला. पाचही ठिकाणी तो असा बसला, की जणू कोणी त्याच्याच मापाने कोरून ठेवलं होतं.

त्याला आनंद झाला. असा झाला, की ओरडावंसं वाटलं. पण ओरडण्याआधीच दुसरा प्रश्न आला. मधला घोस आपला, तर मग पाखरं कोणाची? त्याने पुन्हा भोकं चाचपली, जणू आता उत्तर बदलेल. आपलीच बोटं खोटं बोलत असतील का? कालपर्यंत ज्या हातावर भरवसा नव्हता, त्याच हाताचं आज कसं मानायचं?

"हबीब."

ज्ञानेश्वर दोन पावलांवर उभा होता. किती वेळ, कोण जाणे. त्याने उजव्या हाताचा अंगठा मुठीत धरला होता. मुठीतही अंगठा थरथरत होता. हबीबने छर्रा खिशात टाकला आणि कागदाची गुंडाळी केली.

"दे," ज्ञानेश्वर म्हणाला. हबीबने गुंडाळी दिली.

परतीच्या वाटेवर हायवेच्या एका टपरीवर अभिमनने जीप थांबवली. फोटोला भराभर उत्तरं येत होती आणि एकेकाला फोन लावत तो झाडाखाली फेऱ्या मारत होता. "पाच छर्रे, एक भोक! साठीचा माणूस आहे म्हणे!" त्याचा आवाज टपरीपर्यंत येत होता. बाकावर दोघंच होते. चहा आला. ज्ञानेश्वरने ग्लास दोन्ही हातांनी उचलला.

"तुन्हा छर्रा बारीक शे," तो खाली बघत म्हणाला. इतकी वर्षं जळगावात काढूनही मनातलं बोलायचं झालं की त्याच्या तोंडी चाळीसगावकडच्या गावातलीच बोली यायची.

"हो."

"मन्हा जाड शे."

रस्त्यावरून कापसाच्या गाठींचा ट्रक गेला, तो दिसेनासा होईपर्यंत दोघांनी बघितला.

"सालभर व्हयनं," ज्ञानेश्वर आपल्या अंगठ्याकडे बघत म्हणाला. "पोरेसले शिकाडाले हात नही लागत, डोकं लागस. ते शे अजून. पन हाई त्यासले कोन सांगी?"

"मी काही विचारलंय का तुला?"

"नही." त्याने चहाचा घोट घेतला, थोडा अंगावर सांडला. "वहिनीनी माले बठ्ठं सांगं, शेठनं बी आनि परीक्षानं बी. सोमवारनी वाट कसाले पाहस? तू हो सांगी दे. तुन्हा हात चांगला शे, हबीब. मन्हापेक्षा कोनले माहीत?"

हबीबला त्याचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. आपल्या आयुष्यातला सगळ्यात चांगला नेम, तो याच्या नावावर मोबाइलमोबाइलमधून फिरत होता, आणि हा माणूस गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता. पण राग धरायला जावं तर हातात नुसती त्या ग्लासाची थरथर येत होती. खरं सांगावं तर मित्र जातो, न सांगावं तर नेम जातो. यातलं काय जाऊ द्यायचं, हे त्याला कळेना. त्याने फोन काढला आणि विचार पुरा व्हायच्या आत लावला.

"शेठ, हबीब बोलतोय. हार पाठवा."

"अरे, रविवारीच?" रुपचंदशेठचा आवाज मोठा होता, बाकावर दोघांनाही ऐकू येत होता. "डोळे दाखवलेस का आधी?"

"दाखवले."

"कोणाला?"

हबीबने शेजारी पाहिलं नाही.

"फौजेतला माणूस आहे, शेठ," तो म्हणाला. "त्याचा नेम चुकत नाही."

"नेम? मी डोळ्यांचं विचारतोय."

"तेच सांगतोय. त्याने हो म्हटलंय."

पलीकडून शेठ बरं म्हणाले आणि फोन ठेवला. ज्ञानेश्वर उठला. त्याने गुंडाळी बाकावर, हबीबच्या बाजूला ठेवली, आणि रिकामा ग्लास दोन्ही हातांत धरून टपरीवाल्याकडे परत द्यायला निघाला.