तीन शिट्ट्या होईपर्यंत

“हुंदका साध्या कंसात घालू की चौकोनी?” सुहासिनीबाईंनी फोनवर विचारलं.

“चौकोनी, काकू,” ऋतुजा म्हणाली. “साध्या कंसात हसणं. आणि पॉज तीन सेकंदांच्या वर गेला तर किती सेकंद तेही टाका.”

“आणि हसता हसता रडली तर?”

 ऋतुजाच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात ही सोय नसावी. “मग... दोन्ही टाका.”

सुहासिनीबाईंनी वहीत टिपून घेतलं. एका महाविद्यालयाच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं लघुलेखिकेची नोकरी केली होती. पाच प्राचार्यांची भाषणं उतरवून घेतली आणि एकाचाही शब्द मनात राहू दिला नाही. “कानातून थेट बोटांत,” त्या अभिमानाने सांगत. “मध्ये डोकं हे स्टेशन लागतच नाही.”

निवृत्तीनंतर ही कला पुण्यात बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत गंजत पडली होती. तेवढ्यात ऋतुजा भेटली. ‘कौटुंबिक हिंसा, आघात आणि सावरण्याची क्षमता’ या विषयावर तिची पीएचडी चालली होती. तिने बायकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि सुहासिनीबाईंनी त्या जशाच्या तशा टंकून द्यायच्या. बाईचं नाव कुठेही नाही, नुसता क्रमांक. सुरुवातीला बारा अटींचा कागद आला. सुहासिनीबाईंनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका सुधारल्या आणि मगच सही केली.

तेरा बायका टंकून झाल्या. बांगड्या फुटल्या, दार बाहेरून लावलं, मुलांनी पाहिलं, सगळं कानातून बोटांत गेलं. फक्त संध्याकाळी बोटं दुखत. वय झालं, असं त्या स्वतःला सांगत. यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली होती. दिवसभर घरात बायकांचे आवाज असत आणि माणूस एकही नसे.

चौदा नंबरची फाइल मंगळवारी दुपारी उघडली. बावन्न मिनिटांची होती. ऋतुजाने पहिला प्रश्न विचारला आणि पलीकडची बाई म्हणाली, “हं, तर...”

काही सांगायच्या आधी ‘हं, तर’ म्हणायची सवय सुहासिनीबाईंनी एका मुलीच्या अंगची मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला होता. ती मोडली नव्हती. कानांना कळलं, बोटांना कळायला वेळ लागला. बोटं टंकत राहिली.

ऋतुजा: माहेरी कुणाला सांगितलंत?

सहभागी १४: हं, तर आईला. लग्नाला आठ महिने झाले होते. किचनमध्ये उभ्या उभ्याच म्हटलं, आई, तो हात उचलतो. तिने कुकर लावला होता. म्हणाली, तीन शिट्ट्या होऊ देत, मग निवांत बोलू. (हसते)

ऋतुजा: मग?

सहभागी १४: झाल्या ना तीन. [विराम, ९ सेकंद]

इथे सुहासिनीबाईंनी फाइल थांबवली.

त्या दिवशी त्या कोथिंबीर चिरत होत्या. ऐकलं होतं, अगदी नीट ऐकलं होतं. कानातून थेट बोटांत. कोथिंबीर इतकी बारीक कधीच चिरली गेली नव्हती. तिसरी शिट्टी झाली, त्यांच्या लेकीने, संस्कृतीने, ताटं घेतली आणि त्यांनी विचारलं, “वरणात मीठ बरोबर आहे ना गं?” ती म्हणाली, बरोबर आहे. विषय निघाला नाही म्हणून त्यांना हायसं वाटलं होतं. पुढे दोन वर्षांनी संस्कृती नवऱ्याचं घर सोडून हिंजवडीला भाड्याने राहू लागली. “तिथून ऑफिस जवळ पडतं,” असं सुहासिनीबाईंनी जिन्यात जाहीर केलं. हिंजवडीची वाहतूककोंडी बघता कुणी खोलात शिरलं नाही.

अजून तेहतीस मिनिटं उरली होती. त्यांत आईविषयी आणखी काय असेल? माफ केलं असेल? की आई हा विषय त्या नऊ सेकंदांतच संपला असेल? एक बटण दाबलं की कळणार होतं, आणि दाबलेलं कुणाला कळणार नव्हतं.

त्यांनी अटींचा कागद काढला. सातवी: आवाज ओळखीचा वाटल्यास ऐकणे तत्काळ थांबवावे, फाइल परत करावी व ऐकलेले कोणाजवळही बोलू नये. ‘तत्काळ’ त्यांनीच दुरुस्त केलं होतं.

“ऋतुजा, चौदा नंबर परत पाठवतेय.”

“का काकू? ऑडिओ क्लिअर नाहीये का?”

“अगदी स्वच्छ आहे.”

“मग?”

“अट सातवी.”

 “काकू, सॉरी... मला खरंच कल्पना नव्हती. त्यांचं आडनाव तर...”

“आडनाव सांगू नकोस. तिसरी अट.”

“तुम्ही ठीक आहात ना? बोलावंसं वाटलं तर आपल्या प्रोजेक्टला समुपदेशक आहेत.”

“बोलायचं आहे गं. पण समुपदेशकांशी नाही.”

सहाच्या सुमाराला त्यांनी सवयीने एकटीपुरता कुकर लावला आणि संस्कृतीला फोन केला.

“हं, बोल गं आई. पटकन बोल, बस यायचीय.”

“तू मागे एकदा काहीतरी सांगत होतीस. स्वयंपाकघरात. मी म्हटलं होतं, मग बोलू.”

संस्कृती बोलेना. सुहासिनीबाईंची नजर आपोआप भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. चार. पाच. सहा. त्यांनी घड्याळाकडे पाठ केली.

“आज अचानक कसं आठवलं तुला?”

ऐकलेलं सगळं ओठांशी आलं होतं, पण सातवी अट होती. “विसरले कधी होते?” एवढंच त्या म्हणाल्या.

 मागे हॉर्न, कुणाचं तरी हसणं, दार उघडल्याचा आवाज.

“आई, बस आली. जागा मिळाली की करते.”

“कर. मी घरीच आहे.”

ही काही बातमी नव्हती, पण त्यांनी सांगून ठेवली.

आत पहिली शिट्टी झाली. सुहासिनीबाई उठल्या आणि गॅस बंद केला. भात कच्चा राहणार होता. त्यांनी फोन ओट्यावर कुकरशेजारी उभा करून ठेवला, स्टूल पुढे ओढलं आणि हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. कुकरमधली वाफ बारीक आवाज करत जिरत गेली, आणि मग तोही आवाज थांबला.