परीक्षेला एकच डोकं

फणीकाकांचा खांदा धरला आणि त्यांच्या सलूनची रयाच गेली. कात्री उचलली की ते "आई गं!" म्हणून ओरडत, आणि ते ऐकून गिऱ्हाईक खुर्चीतून उठून पळे. चांगला कारागीर मिळाला नाही तर दुकानाला कुलूप लागणार, हे काकांना स्वच्छ दिसत होतं. तसं दोघांना ठेवून झालं होतं. दोघंही बोलण्यात पटाईत. पहिल्यानं एका गिऱ्हाइकाची भुवई उडवली. दुसऱ्यानं त्याच गिऱ्हाइकाची दुसरी भुवई उडवली, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून.

काकू एका मोठ्या कार्यालयात माणसं निवडायचं काम करत. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, मुलाखतीत तुम्हीच बोलत बसता. तुमची कहाणी मान डोलावत ऐकली की तो माणूस तुम्हाला हुशार वाटतो."

"मग करू काय?"

"काम करून दाखवायला सांगा. आणि सगळ्यांची परीक्षा एकच हवी, एकाला सोपी नि एकाला अवघड असं नको. सगळ्यांचं बघून होईपर्यंत कुणालाही हो म्हणू नका."

काकांना हे फारच पटलं. सुट्टीच्या दिवशी त्यांनी तिघांना बोलावलं. आता परीक्षेला डोकं हवं. काकूंच्या भावाला विचारलं तर तो म्हणाला, "भावोजी, भुवयांचं कानावर आलंय माझ्या," आणि जो गेला तो गेलाच. शेवटी काका स्वतःच खुर्चीत बसले. त्यांचे केस दाट आणि वळणदार होते. निम्मी गिऱ्हाइकं तर ते केस बघूनच आत येत.

पहिला आला एक उंच तरुण.

"मध्यम ठेवा, कडेनं बारीक," काका म्हणाले.

त्यानं असे सुरेख कापले की आरशात बघून काकाच लाजले. "उद्यापासून या" हे शब्द अगदी ओठांवर आले होते, पण काकूंचं बोलणं आठवलं. "बाहेर थांबा. बाकीच्यांचं बघू दे."

दुसरा होता मिशीवाला. त्यालाही तेच: "मध्यम ठेवा, कडेनं बारीक."

"मध्यमच आहेत की हे!"

"परीक्षा सगळ्यांना सारखी."

नोकरी हवी असलेला माणूस वाद कशाला घालेल? त्यानं मशीन चालवलं. डावीकडे जरा जास्त गेलं, म्हणून उजवीकडे बरोबरीला आणलं. मग उजवीकडे जास्त गेलं. होता होता टाळूवर बुटाच्या ब्रशासारखा एक झुबका तेवढा उरला. बाहेरून उंच तरुणानं काचेतून ते पाहिलं आणि तो गुपचूप सटकला. काकांनी आरशात त्याला जाताना पाहिलं. हातचा कारागीर गेला!

तिसरी होती चष्मेवाली बाई. काका पडलेल्या आवाजात म्हणाले, "मध्यम ठेवा, कडेनं बारीक."

तिनं खुर्चीभोवती एक चक्कर मारली. "कुठले, काका?"

"आहेत ते."

तिनं कात्रीला हात लावला नाही. "तुम्हाला नक्की कसं दिसायचंय?"

"सकाळी दिसत होतो तसं."

"ते मला जमणार नाही. एवढा झुबका काढते, कानामागचं नीट करते. मग केस येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका."

तिनं सांगितलं तेवढंच केलं, तेही कुठे न ओरबाडता. जमणार नाही ते जमणार नाही म्हणणारं माणूस काकांना पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यांनी खुर्चीतूनच जाहीर केलं, "नोकरी तुमची!"

"एक अट आहे. केस येईपर्यंत तुम्ही पुढे बसायचं नाही. लोकांना वाटेल, हे मी केलंय."

"अहो, दुकान माझं आहे!"

"म्हणूनच सांगतेय."

तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं आत डोकावलं, काकांना पाहिलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं झाकून तो चालता झाला. काका निमूटपणे उठून पडद्यामागे गेले.

संध्याकाळी काकू आल्या आणि पडदा सारून बघतच राहिल्या.

"परीक्षा एकच ठेवली सगळ्यांना," काका अभिमानानं म्हणाले.

"परीक्षा एक म्हटलं होतं मी! डोकं एक नव्हे!"

दुसऱ्या दिवशी पडद्यामागे बसलेल्या काकांना बाहेरून कात्रीचा आवाज ऐकू येत राहिला. एक गिऱ्हाईक उठलं, दुसरं बसलं, आणि पळालं कुणीच नाही. काकांना राहवेना. त्यांनी पडद्यातून हळूच नाक बाहेर काढलं.

"कडेनं जरा बारीक..."

"काका, आत!"

आणि काका आनंदानं आत गेले.