मागच्या बाजूच्या दोन सूचना

मी एक पुरवणी. परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की मुलं हात वर करतात आणि पर्यवेक्षक एक सुटा कागद आणून देतात, तो कागद. पण माझ्यावर कुणी परीक्षा दिली नाही. छापखान्यात माझ्या रेघा तिरक्या उमटल्या आणि आमचा सगळा गठ्ठा बाद झाला. महाविद्यालयातले परीक्षाप्रमुख कारकुनाला रीतसर विचारून त्यातले थोडे कागद कच्च्या आकडेमोडीसाठी घरी घेऊन आले. तेच आमचे सर.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी त्यांच्या टेबलाच्या खणात पडून होते. कागदाला कंटाळा येत नाही. निदान मला तरी आला नाही.

सरांनी चौतीस वर्षं ग्रहांच्या गती शिकवल्या. कोणता गोल कुणाभोवती किती वेळात फिरतो, हे ते डोळे मिटून फळ्यावर मांडत. त्यांची बायको शस्त्रक्रियागृहात परिचारिका होती. सगळं रुग्णालय तिला सिस्टर म्हणे, आणि लहर आली की घरी सरही म्हणत.

दोघं निवृत्त झाल्यावर लेकीने संगणक आणून दिला, सरांनी पाठ्यपुस्तक लिहावं म्हणून. सरांनी प्रस्तावना तीनदा लिहिली आणि चारदा पुसली. मग त्या खुर्चीत सिस्टर जाऊन बसली. तिला एक खेळ सापडला होता. सुटे भाग जोडून अग्निबाण बांधायचा, माणसं बसवायची आणि अंतराळात पाठवायची. तिचे पहिले अकरा अग्निबाण पडले. पडला की ती हात पुसायची आणि बारावा बांधायला घ्यायची. अंतराळवीरांना तिने ओळखीच्यांची नावं दिली होती. एक भूलतज्ज्ञ, एक वॉर्डबॉय, एक सिस्टर. एक सर.

एका दुपारी तिने खणातून मला काढलं आणि निळ्या पेनाने लिहायला सुरुवात केली.

"काय लिहितेस?" सरांनी विचारलं.

"तुमच्यासाठी आहे. नवशिक्यांसाठी सूचना."

"नवशिका? अगं, चौतीस वर्षं शिकवलंय मी हे!"

"शिकवलंत हो. पण फळ्यावरून एक तरी यान उडालं का तुमचं?"

सर हसले. खरं म्हणजे त्यांना भीती वाटत होती. फळ्यावरचं चुकलं तर पुसता येतं. हे सगळ्यांच्या देखत पडतं.

सिस्टरचं अक्षर ठसठशीत होतं. पहिली सूचना, निघण्याआधी मोजून घ्या: हवाई छत्री, बॅटरी, शिडी. शस्त्रक्रियेत आम्ही कापसाचे बोळेसुद्धा मोजतो. दुसरी, सरळ वर जाऊ नका, थोडं वर गेलात की पूर्वेकडे झुका. वर जाणं सोपं आहे, वर टिकायला आडवं पळावं लागतं. चौथी, प्रत्येक पायरीआधी खेळ जतन करा. सातवी, पुढच्याला गाठायचं असेल तर वेग कमी करा. अशा दहा सूचनांनी माझी पुढची बाजू भरली. उरलेल्या दोन तिने मागे लिहिल्या. खाली 'कृपया मागे पाहा' असं लिहायला ती मला पुन्हा उलटणार, तेवढ्यात दूध उतू गेलं. ती उठली ती उठलीच. ते लिहायचं राहून गेलं.

पुढच्याच आठवड्यात तिने खेळातल्या सरांना चंद्राकडे पाठवलं. ते चंद्राभोवती फिरू लागले आणि इंधन संपलं.

"अडकवलं बघा तुम्हाला," ती म्हणाली.

"राहू दे. तिथे तरी शांतता मिळेल."

"असं कसं राहू देईन? दुसरं यान पाठवून आणते की."

त्याआधीच ती आजारी पडली. तिच्याच रुग्णालयात तिला नेलं. नवव्या दिवशी सर एकटे घरी आले. त्यांनी दारातल्या चपला सरळ केल्या, तिच्याही. खुर्चीत बसले. ते रडले नाहीत. खण उघडा होता आणि मला दिसत होतं, म्हणून सांगते.

नंतरचे दोन महिने मला एका दिवसासारखे आठवतात. शेजारीण झाकलेलं ताट आणून ठेवी आणि संध्याकाळी तसंच परत नेई. मग लेक आली. बाबांना आपल्याकडे न्यायचं तिने ठरवलं. सर 'हो' म्हणाले. कशालाही ते 'हो'च म्हणत होते.

"हा संगणक फार जुना झालाय, बाबा. रविवारी दोनला एक जण घेऊन जाईल. त्यात काही ठेवण्यासारखं आहे का?"

"एक माणूस आहे," सर म्हणाले.

लेकीला वाटलं, बाबांचं डोकं ठिकाणावर नाही. मग त्यांनी तिला पडद्यावर दाखवलं. चंद्राभोवती एक यान गुपचूप फिरत होतं. आत सर.

सोमवारी त्यांनी मला शोधून काढलं आणि पडद्याशेजारच्या भिंतीवर चारही कडांना चिकटपट्टी लावून डकवलं. हाच माणूस नव्या परीक्षकांना बजावायचा, "कागद उलटल्याशिवाय गुण देऊ नका." मला मात्र त्यांनी उलटलं नाही. दहावा आकडा पाहिला आणि त्यांना वाटलं, संपलं.

पहिलं यान सरळ वर गेलं आणि सरळ खाली आलं. दुसऱ्यात बॅटरी विसरली, ते वाटेत आंधळं झालं. सरांनी वहीत तीन दशांशांपर्यंत गणितं केली. गणितं बरोबर होती. यानं पडत होती. मग ते गणित बाजूला ठेवून माझ्या ओळींवर बोट ठेवू लागले.

शुक्रवारी त्यांचं यान चंद्राभोवती पोचलं. अडकलेलं यान पुढे दिसत होतं. सरांनी वेग वाढवला. ते वरच्या कक्षेत गेले आणि मागे पडले. पुन्हा वाढवला, आणखी मागे. बोट सातव्या ओळीवर आलं.

"हे तर मी दर वर्षी सिद्ध करून दाखवायचो," ते म्हणाले. मग त्यांनी वेग कमी केला.

शनिवारी दुपारी दोन्ही यानं शेजारी आली. लेक ताट घेऊन दारात उभी होती. खेळातले सर बाहेर पडले, हळूच तरंगत आले आणि त्यांनी शिडी धरली. सरांनी आत घेण्याचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: जागा नाही.

एकच खुर्ची होती.

"चालवतंय कोण?" लेकीने विचारलं.

"सिस्टर."

"आईला पाठवलंत तुम्ही?"

"तिचा हात स्थिर असायचा." मग निकाल वाचावा तसे ते म्हणाले, "एकालाच आणता येईल."

सरांचा हात कळफलकावर तसाच राहिला. मग त्यांनी खेळ जतन केला आणि ते उठले. ताट झाकलेलंच राहिलं.

आणि मी पाठ भिंतीला लावून होते. उत्तर माझ्या पाठीवर होतं. कागदाला ओरडता येत नाही, आणि आलं असतं तरी पाच दिवस उशीर झालाच होता.

रविवारी सकाळी सामान बांधताना लेकीने मला भिंतीवरून सोडवलं. माझा एक कोपरा फाटला. तिने मला उलटलं आणि ती खाली बसली.

"बाबा, मागेही लिहिलंय."

सरांनी चष्मा लावला.

अकरा. कुणाला आणायला निघाल तेव्हा एक खुर्ची रिकामी ठेवा. नवशिके हमखास विसरतात.

बारा. एवढं करूनही कुणी वर राहिलंच, तर उपाशी बसू नका. आधी जेवून घ्या. माझे अकरा पडले, मी एकदाही जेवण चुकवलं नाही.

"मी उलटून पाहिलं नाही," सर म्हणाले. "चौतीस वर्षांत पहिल्यांदा."

"अजून चार तास आहेत, बाबा. दोन खुर्च्यांचं यान पाठवू या. मी बसते तुमच्याशेजारी."

सरांनी पडद्याकडे पाहिलं. दोघं चंद्राभोवती फिरत होती. एक आत, एक शिडी धरून.

"नको," ते म्हणाले. "सोबत आहेत." त्यांनी संगणक बंद केला. मला पुन्हा एकदा दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग म्हणाले, "जेवायला काय केलंयस?"

लेक धावतच स्वयंपाकघरात गेली. पाणी पिण्याच्या निमित्ताने तिथे बराच वेळ उभी राहिली.

आता मी लेकीच्या घरी असते, एका खिळ्याला, चिमट्यात. सरांनी मुद्दामच चिकटवलं नाही. पंखा लागला की मी फिरते आणि माझ्या दोन्ही बाजू दिसतात. शाई पुढून फिकट होत चाललीय, मागून अजून निळी आहे. सर रोज दोन्ही वेळा जेवतात. बाकी कशाबद्दल मला खात्रीने सांगता येणार नाही.

तुमच्या घरी कुणी असा कागद मागे ठेवला असेल, तर भिंतीला लावण्याआधी एकदा उलटा. बहुतेकदा मागे काही नसतं. तरी उलटा.