पहिली ओळ मास्तरची

मित्रांनो, वरातीच्या बँडमध्ये सगळ्यांत मागे, पोट सुटलेलं आणि तोंड आभाळाकडे केलेलं एक पितळी वाद्य तुम्ही पाहिलं असेल. तुमचं लक्ष नवरदेवाच्या घोड्याकडे असतं, म्हणून कदाचित पाहिलंही नसेल. तो मी. माझं खरं नाव युफोनियम, पण विठ्ठलवाडीच्या बँडमधली पोरं मला ढेरपोट्याच म्हणत. मला त्याचा राग नाही. पोट आहे म्हणून तर आवाज आहे.

माझा जन्म मेरठच्या एका अरुंद गल्लीत झाला. पितळेची नळी वाकवताना ती चेपू नये म्हणून कारागीर तिच्यात राळ भरतात, आणि वळण बसलं की तापवून ती राळ ओतून टाकतात. इतक्या हालांनंतर मी मोकळा झालो आणि रेल्वेच्या डब्यातून उल्हासनगरला आलो. तिथं दोन-तीन जणांच्या हातांतून फिरत शेवटी सुदामकडे पोचलो. सुदाम अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता आणि लगीनसराईत बँडवाला. त्याची बायको चांगुणा दर रविवारी मला चिंचेनं घासून असा लखलखीत करी की शेजारच्या खोल्यांतल्या बाया माझ्यात तोंड पाहून कुंकू, टिकली नीट करून घेत.

आमच्या बँडचा कायदा एकच होता: पहिली ओळ मास्तरची. महिपती मास्तर क्लॅरिनेटवर गाण्याची पहिली ओळ एकटे वाजवत. मग डावा खांदा उडवून ओरडत, "उचल!" की आम्ही सगळे तीच ओळ घेऊन तुटून पडत असू. ट्रंपेट, सॅक्सोफोन, मी, सगळ्यांचं तेच. वेगळं काही वाजवायचं नाही. मास्तर जे वाजवतील तेच, फक्त दहापट मोठ्यानं. सिंधी वरातींत तर लोक नाचून नाचून घामाघूम होत आणि म्हणत, "मास्टर, वो वाला एक बार और!" चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सुदाम मला खांद्यावर घेऊन पाच-पाच तास चाले आणि घरी आल्यावर ओठ सुजलेले असताना हसत भाकरी खाई. ते दिवस आठवले की अजून माझ्या नळ्यांतून ऊब फिरते.

सुदामची मुलगी स्वप्नाली मात्र निराळीच निघाली. आठवीत असताना तिला व्हायोलिनचं वेड लागलं. अंबरनाथला वेणूताई नावाच्या निवृत्त संगीतशिक्षिका राहत. त्या तिला रविवारी फुकट शिकवत, आणि व्हायोलिनही त्यांचंच. ताईंचे वडील मुंबईत एका क्लबात स्वयंपाकी होते. तिथल्या वाद्यवृंदातल्या एका म्हाताऱ्या वादकानं लहानग्या वेणूला वाजवायला शिकवलं आणि जाताना एक वही दिली. त्या वहीत विलायतेतल्या जुन्या सेरेनेडचा एक संथ भाग उतरवलेला होता, चार आवाजांचा.

"सेरेनेड म्हंजे काय गं?" सुदामनं एकदा विचारलं.

"संध्याकाळी कुणाच्या तरी खिडकीखाली उभं राहून त्याच्यासाठी वाजवायचं, पप्पा."

"मग वरातच की!"

"नाय ओ. वरात अख्ख्या गल्लीला ऐकवायची असते. हे एकालाच."

सुदामला ते फार आवडलं. मलाही आवडलं, पण मला कोण विचारतो?

वेणूताईंनी तो तुकडा आयुष्यभर सोडला नाही. ज्या शाळेत जे वाद्य असेल त्यावर त्यांनी तो बसवला. दोन पेट्या आणि चार बासऱ्यांसाठी मांडला, बुलबुलतरंगांसाठी मांडला, कवायतीच्या बिगुलासाठीसुद्धा मांडला. बिगुलाला सूर मोजकेच, म्हणून त्या पोराला अख्ख्या तुकड्यात एकच सूर आला होता आणि तो बिचारा श्वास भरून सात मिनिटं ताटकळला. प्रत्येक मांडणीखाली ताई एक शेरा लिहीत, जसा मुलांच्या वहीत लिहितात तसा. "१९७८. पेट्या पुढे धावल्या." "बुलबुलतरंग. फार गोड झालं. साखर कमी करावी." स्वप्नाली घरी येऊन हे शेरे वाचून दाखवी आणि बापलेक हसत.

२००४च्या जानेवारीत ती घरी आली तेव्हा मात्र हसत नव्हती.

"पप्पा, ताईंचे कान चाललेत. डॉक्टर बोलले, वर्षभरात काहीच ऐकू येणार नाही. त्यांनी तुमच्या बँडमध्ये किती जण आहेत ते विचारलंय."

"अकरा. का गं?"

"त्यांना तो तुकडा एकदा भरलेल्या आवाजात ऐकायचाय. खऱ्या फुंकीच्या वाद्यांवर. कान आहेत तोवर."

सुदाम उठला आणि मला पुसायला लागला. मन हललं की त्याचे हात मलाच शोधत.

पुढचे दोन महिने वेणूताई दुखरे गुडघे घेऊन रिक्षानं विठ्ठलवाडीला येत. आमची तालीम बुद्धविहारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असे. त्यांनी एकेकाला वाद्य वाजवायला लावलं, कुणाचा आवाज कुठवर खाली जातो, कुठं फाटतो, ते टिपून घेतलं आणि सारेगममध्ये प्रत्येकाचा कागद वेगळा लिहिला. मूळ तुकड्यात मुख्य सूर पहिल्या व्हायोलिनचा, म्हणून इथं तो क्लॅरिनेटला गेला. मास्तरांचा मान होताच तो. मला खालची, जड पावलांची ओळ मिळाली. ढोलवाल्या शिवरामला शेवटी एकच ठोका.

"एकच?" शिवराम म्हणाला. "ताई, मी काय मेलोय?"

"एका ठोक्यासाठी थांबणं सोपं नाही, शिवराम. एका बिगुलवाल्या पोराला विचार."

मित्रांनो, खरी गंमत पुढेच आहे. घरी सुदाम माझ्यावर आमची ओळ झकास वाजवी. पण शेडमध्ये मास्तरांची क्लॅरिनेट सुरू झाली, की चौथ्या-पाचव्या मात्रेला आम्ही सगळे घसरून मास्तरांच्या ओळीवर! ट्रंपेट तिथे, सॅक्सोफोन तिथे, मीही तिथेच. पंचवीस वर्षांची सवय ती. चार आवाजांचा तुकडा एका आवाजाची वरात होऊन जाई.

"अरे सुदाम," ताई कपाळावर हात मारून म्हणत, "तू आपल्या घरात राहा ना बाबा. मास्तरांच्या घरात कशाला घुसतोस?"

"ताई, आमच्याकडं एक बोलला की सगळे तेच बोलतात. त्याच्यासाठीच तर बिदागी घेतो."

"मग ते विसरा. इथं कुणी कुणाचं उचलायचं नाही."

हळूहळू जमलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकदा तुकडा न घसरता पुढे सरकला, प्रत्येक जण आपापल्या घरात, आणि चार आवाज चार वेगळ्या गोष्टी बोलत असूनही भांडण झालं नाही. माझी साधी ओळ त्या सगळ्यांच्या पायाखाली होती. मला जन्मात पहिल्यांदा कळलं की आपण नुसते मोठ्यानं ओरडण्यासाठी जन्मलो नाही. पण पाव तुकडा होतो न होतो तोच शेजारच्या कारखान्याचा भोंगा वाजला आणि ताईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. अर्धवट ऐकून त्यांना शेरा लिहायचा नव्हता.

"पुढच्या रविवारी नीट ऐकवा," त्या म्हणाल्या.

आणि तिथंच आम्ही चुकलो. पुढच्या रविवारी अंबरनाथला वरात होती. त्याच्या पुढच्या रविवारी दोन. मग जयंतीची तयारी, मग मे महिन्यातली लग्नं. सुदाम जाऊन ताईंना म्हणाला, "ताई, सीझन चालूय. बुद्धपौर्णिमा होऊ द्या, लग्नं आटपू द्या. मग फुरसतीनं वाजवतो, तुमच्याच खिडकीखाली, खऱ्या सेरेनेडसारखं."

"चालेल की," ताई हसून म्हणाल्या. "कानांना सांगून ठेवते."

जूनच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सहाला आम्ही अंबरनाथला त्यांच्या इमारतीखाली उभे राहिलो. लाल कोट, सोनेरी झालर, सगळा थाट. एका म्हातारीनं विचारलंही, "कोनाचा लगीन हाय गो?" ताईंना आता जिना उतरवत नव्हता. त्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर वही, हातात पेन्सिल. स्वप्नाली त्यांच्या शेजारी उभी होती.

महिपती मास्तरांनी मान हलवली आणि सुरुवात केली. मित्रांनो, मी त्या क्लॅरिनेटला पंचवीस वर्षं ऐकत आलो, पण इतकी हळुवार ती कधी वाजली नव्हती. आम्ही आपापल्या घरात नीट राहिलो. कुणी घसरलं नाही. पोरं बॅट खाली टाकून ऐकत उभी राहिली. गॅलऱ्यांत बायका आल्या.

ताई मात्र कान पुढे करून बसल्या होत्या. त्यांची पेन्सिल माझ्या पावलांबरोबर हलत होती, पण नजर मास्तरांच्या तोंडाकडे होती. आठ ओळी झाल्या असतील. मग त्या खिडकीतून वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या,

"सुदाम ऐकू येतोय मला. छान येतोय. मास्तर, तुम्ही सुरू करा ना आता!"

एकेक वाद्य गप्प झालं. वर स्वप्नालीनं तोंडावर हात धरला. नंतर कळलं, कान जातात तेव्हा बारीक, उंच आवाज आधी जातात. स्वप्नालीची व्हायोलिनची वरची तार ताईंना एप्रिलपासूनच ऐकू येत नव्हती. त्या बोटांकडे बघून शिकवत होत्या आणि कुणाला बोलल्या नव्हत्या. क्लॅरिनेट तेवढी राहील, असं त्यांना वाटलं होतं. मार्चमध्ये ती ऐकू येत होतीच. आमचा सीझन चालू असताना तीही गेली.

सुदामनं मला तोंडावरून खाली घेतलं. तीन महिने. फक्त एक रविवार हवा होता.

महिपती मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडातून काढली. चाळीस वर्षं त्यांनी पहिली ओळ कुणाला दिली नव्हती, सख्ख्या भावालाही नाही. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, मग मागे वळून माझ्याकडे. डावा खांदा उडवला.

"सुद्या," ते म्हणाले, "उचल."

"मास्तर, ती तुमची ओळ..."

"उचल म्हनतो ना! तुझी ओळ मी बघतो."

आणि सुदामनं उचलली. सूर त्याला पाठ होता, कारण दोन महिने चुकून तोच तर वाजवत होता! ज्या खोडीसाठी ताईंनी कपाळ बडवलं, तीच खोड त्या संध्याकाळी कामी आली. अख्खी ओळ माझ्या पोटातून निघाली, खाली, रुंद, सावकाश. मास्तर क्लॅरिनेटच्या अगदी तळाच्या सुरांवर उतरून माझी जड पावलं टाकत होते, एखाद्या नव्या भरती झालेल्या वादकासारखे माझ्याकडे कान देऊन.

खिडकीत ताईंचा चेहरा आधी चकित झाला. मग त्यांनी डोळे मिटले. पेन्सिल पडली, ती त्यांनी उचलली नाही. मी शेवटपर्यंत गेलो. शेवटचा ठोका पडलाच नाही, कारण शिवराम कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

मित्रांनो, त्याच दिवाळीपर्यंत ताईंचं सगळं ऐकू येणं संपलं. तरी सुदाम मला घेऊन जात राहिला. त्या माझ्या पोटावर तळहात ठेवून बसत आणि सुदाम वाजवी. कुठं घाई झाली की त्या तळहातानंच मला थोपटत, सावकाश म्हणून. चार वर्षं हे चाललं. मग तो तळहातही गेला.

पुढे वरातींत डीजेच्या गाड्या आल्या. एका गाडीच्या आवाजात आमचे अकराच्या अकरा जण बुडाले. महिपती मास्तर गावी गेले. सुदामचे पुढचे दात पडले, आणि दातांशिवाय माझ्यात फुंकता येत नाही. सुदाम आता लेकीसोबत सोनिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहतो आणि मी कपाटावर. कुणीतरी माझ्या तोंडात प्लॅस्टिकची फुलं खोचली आहेत. पाहुणे म्हणतात, "शोपीस मस्त आहे हां!" मी ऐकून घेतो. सूर बदलायचे पिस्टन गंजून धरलेत, पोटात दोन पोचे आहेत, आणि चिंच तर मी विसरूनच गेलो होतो.

परवा स्वप्नालीनं मला खाली काढलं. तिच्याकडे आता आठ पोरं शिकायला येतात. कुणाकडे कीबोर्ड, कुणाकडे बासरी, एकाकडे नुसती डफली. त्यांच्यासाठी तिला तो तुकडा पुन्हा मांडायचाय. तिनं ताईंची वही उघडली आणि शेवटचं पान वडिलांना वाचून दाखवलं. जूनमधल्या त्या संध्याकाळी ताईंनी जुनी मांडणी खोडून खाली लिहिलं होतं: "युफोनियम: सूर. क्लॅरिनेट: साथ. ढोलाचा ठोका राहिला." आणि त्याखाली शेरा, दोनच शब्दांचा: "ऐकू आलं."

सुदामनं ते पान हातात घेतलं आणि बराच वेळ दिलं नाही.

मित्रांनो, माझ्या तोंडातली फुलं काढली नाहीत तरी चालेल, पिस्टनना दोन थेंब तेल मिळालं तर उपकार होतील. पण एक सांगणं मनावर घ्या. कुणाच्या खिडकीखाली उभं राहून काही ऐकवायचं असेल, तर ह्याच रविवारी जा. त्या दिवशी मला ढेरपोट्याचा आवाज होता म्हणून निभावलं. सीझन संपायची वाट बघू नका.