भाऱ्याखालची बाई

प्रियदर्शनीनं सहा महिने चित्रांतल्या वस्तूंच्या कडा आखल्या. ऐकायला सोपं वाटतं. ऊसतोड यंत्राच्या कपाळावर कॅमेरा बसवायचा, त्यातल्या व्हिडिओचं एकेक चित्र संगणकावर उघडायचं, आणि ऊस वेगळा, पाला वेगळा, बांध वेगळा, माणूस वेगळा असं माउसनं आखून दाखवायचं. अशी हजारो चित्रं आखून दिली की संगणक आपणहून ओळखायला शिकतो. समोर माणूस दिसला की यंत्र जागच्या जागी थांबावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात हे संशोधन चाललं होतं आणि प्रियदर्शनी त्यावर पीएच.डी. करत होती. डोळ्यांत तेल घालून तिनं काम केलं. पुढं पुढं तर डोळ्यांत औषधच घालावं लागलं.

सगळं अडलं ते भाऱ्यापाशी. उसाच्या हिरव्या शेंड्यांना वाढं म्हणतात. ऊस तुटायला लागला की गावातल्या बाया वाढं गोळा करायला येतात, भारा बांधतात आणि डोक्यावरून घरच्या जनावराला नेतात. शेतमालकानं त्याला ना म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. भारा एकदा डोक्यावर चढला की पाती चहूबाजूंनी कमरेपर्यंत लोंबतात. खाली पायांशी पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला. बाई अशी दिसतच नाही.

प्रियदर्शनीची आई, बाळाबाई, तीस वर्षं असे भारे वाहत होती. वाळवा तालुक्यात, कृष्णेकाठच्या गावात तिचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वीतभर जमीन नाही, पण दारात म्हैस होती आणि लेकीचं शिक्षण तिच्याच दुधावर झालं होतं. त्यामुळे चित्रात भारा दिसला की प्रियदर्शनी त्याच्याभोवती बिनदिक्कत ‘माणूस’ अशी कड आखायची. पाल्याच्या ढिगात आणि डोक्यावरच्या भाऱ्यात काय फरक असतो, याचा तिला विचारसुद्धा करावा लागत नसे.

संगणकाला मात्र तो फरक कळेना. त्याला प्रत्येक ढिगात माणूस दिसायला लागला आणि यंत्र दर दहा पावलांवर थांबू लागलं. संशोधनाचे प्रमुख पृथ्वीराज सर वैतागले. सर मूळचे साताऱ्याकडचे, वडील सुभेदार, त्यामुळे घरातही आणि प्रयोगशाळेतही हुकूम म्हणजे हुकूम.

“जे दिसतं तेच आखायचं,” सर म्हणाले. “तुला ठाऊक आहे म्हणून आखायचं नाही. हा पाला आहे.”

“सर, खाली बाई आहे.”

“कुठं आहे? दाखव.”

प्रियदर्शनीला दाखवता येईना. दोन दिवस बसून तिनं साडेतीनशे चित्रांतल्या बायांचा पाला केला. शोधनिबंध पाठवायची तारीख तोंडावर आली होती आणि सर सर होते. याहून मोठं कारण तिच्यापाशी नव्हतं, आणि उगीच तिच्या वतीनं ते शोधू नये. यंत्र सुरळीत चालू लागलं. सरांनी कंदी पेढे वाटले, तिनंही एक खाल्ला.

मग ठरलं की यंत्र याच हंगामात चार गावांत उतरवायचं. त्याआधीचं प्रात्यक्षिक नेमकं तिच्याच गावात, तिथले मोठे बागायतदार शंभूराज यांच्या शेतात. सरांना पुन्हा सांगावं तर ते पुन्हा ‘दाखव’ म्हणणार. मग दाखवायचंच, असं तिनं ठरवलं. यंत्राचा चालक गुंडा ओळखीचा होता, त्याला तिनं सगळं नीट समजावून ठेवलं आणि आदल्या दिवशी ती आईकडे गेली.

“आये, उद्या भारा घिऊन यंत्राच्या समोरनं जायचं. लांबनंच जा. गुंडा थांबवणार हाय.”

“तुज्या सायबास्नी दावाय व्हय? जाती की,” बाळाबाई म्हणाली. लेकीच्या कामाला आपण उपयोगी पडतोय, याचं तिला लय कौतुक. दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. भाऱ्याखाली ते कुणाला दिसणार नव्हतं.

मांडवात मोठा पडदा लावला होता. यंत्राला जे दिसत होतं ते पडद्यावर रंगून येत होतं. माणूस भगवा, पाला हिरवा. शंभूराज समोरनं गेले, भगवे झाले. त्यांच्या कुत्र्यालासुद्धा त्याचा वेगळा पिवळा रंग मिळाला. मग सरीतनं भारा आला. पडद्यावर हिरव्यातनं हिरवं सरकलं आणि यंत्र घरघरत पुढं येत राहिलं. वीस फुटांवर गुंडानं हातानं ब्रेक ओढला.

“सर, ह्या पाल्याखाली माझी आई आहे,” प्रियदर्शनी माइकवर म्हणाली. तिला बरं वाटत होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

बाळाबाईनं भारा खाली टाकला आणि पडद्यावर ती एकदम भगवी झाली. पदर सारखा करत तिनं हसून विचारलं, “दिसली का गं मी?”

सर माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यांना ते लागलं. पण सगळी चित्रं नव्यानं आखायची तर हंगाम हातचा जाणार.

“त्यात काय अवघड हाय?” शंभूराज म्हणाले. “यंत्र चालू आसंल त्या रानात बायांनी यायचंच न्हाई. वाढं जाईल मातीत, खत हुईल.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच आठवड्यात चारही गावांच्या ग्रामपंचायतींवर फलक लागले: सुरक्षेसाठी महिलांना वाढं नेण्यास मनाई. सरांनी बैठकीत प्रियदर्शनीचं नाव घेऊन कौतुक केलं, तिच्यामुळं मोठा धोका टळला म्हणून. टाळ्या पडल्या.

तीन आठवड्यांनी ती घरी गेली तेव्हा गोठा रिकामा होता.

“म्हस कुटं गेली?” तिनं विचारलं. घरी आलं की तिची भाषा आपोआप बदलायची.

“इकली. काय घालू तिला, तुजा फलक?” बाळाबाई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. “गल्लीत पाच जणींनी इकली. कोण माज्याशी धड बोलंना.”

“आये, यंत्रानं तुला चिरडलं आसतं गं.”

“आमास्नी डोळं न्हवतं व्हय? यंत्र आलं की आमी बाजूला सरत हुतो. त्याला दिसत न्हवतो, तर न्हवतो.”

गेल्या साली कॅमेरा नसलेल्या यंत्रापुढनं अशीच बाजूला सरताना एका बाईचा पाय गेला, हे प्रियदर्शनीच्या ओठांवर आलं होतं. पण तो पाय आणि ही म्हैस, यातलं आईला काय निवडायला सांगायचं, हे तिला कळेना.

“तुला शिकीवली ती माजी चूक न्हाई,” बाळाबाई म्हणाली. “त्या दिवशी भारा घिऊन आली, ती चूक झाली.”

मग सूप बाजूला ठेवून ती उठली आणि लेकीसाठी ताट करायला चुलीकडं गेली. आमटी, भाकरी आणि कांदा. प्रियदर्शनी खाली मान घालून जेवली.