बटण अडकलं नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे आणि माझं एकही बटण अडकत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीत नेमकं उलटं लिहिलं आहे: 'बटण अडकते, बाद.' सध्या मी इस्पितळाच्या नोंदी विभागात, भंगाराच्या खोक्यात, बंद पडलेल्या माऊसच्या शेजारी पडून आहे. पण पडून असलो तरी गप्प बसायला मी तयार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे यंत्राने माझं प्रत्येक बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं आणि मगच मला बाहेर सोडलं. मी थेट आलो तो कोडवाल्या बाईंच्या टेबलावर. घरी गेलेल्या प्रत्येक रुग्णाची फाइल त्यांच्याकडे येते. डॉक्टरांनी लिहिलेला आजार वाचायचा आणि त्याचा ठरलेला कोड टाइप करायचा, हे त्यांचं काम. एकट्या यकृताच्या आजाराचे कोड कितीतरी! तो कशामुळे झाला, पोटात पाणी साठलं का, मेंदूवर परिणाम झाला का, प्रत्येकाची नोंद वेगळी. नियमही कडक. डॉक्टरांनी लिहिलं नसेल ते टाकायचं नाही, लिहिलं असेल ते आपल्या मनाने बदलायचं नाही. शंका आली तर लेखी विचारायचं, तेही उत्तर न सुचवता.

बाईंचा हात हलका होता. चहाचा कप त्या माझ्यापासून लांब ठेवायच्या, अधूनमधून ब्रशने माझी धूळ काढायच्या. "माझा राजा कधी अडत नाही," असं म्हणायच्या. माझी अक्षरं झिजून पुसली गेली, तरी मी कधी कुरकुर केली नाही.

एके दिवशी एका बसचालकाची फाइल आली. त्याला इस्पितळात आणलं तेव्हा तो बरळत होता आणि त्याचे पाय लटपटत होते. पहिल्या पानावर कुणीतरी लिहिलं, 'दारूचा संशय.' दुसऱ्या दिवशीच्या डॉक्टरांनी कामाच्या गर्दीत कालचीच नोंद उचलून आजच्या तारखेखाली ठेवली. पुढच्यांनी तेच केलं, फक्त जरा आटोपशीर. डिस्चार्ज कार्डापर्यंत येता येता संशय गळून पडला आणि 'दारूमुळे यकृताचा आजार' एवढंच उरलं. बाईंनी कोड अर्धा टाइप केला आणि हात उचलला.

"पहिल्या पानावर संशय, शेवटच्या पानावर खात्री. मधे कुणी त्याला विचारलं तरी का?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

विचारलं नव्हतं. चालकाची बायको आमच्या विभागाच्या खिडकीशी आली तेव्हा ते कळलंच. नवरा पुन्हा भरती झाला होता. त्याचं यकृत बदलावं लागणार होतं आणि आपल्या यकृताचा तुकडा द्यायला ती तयार होती. पण परवानगी देणाऱ्या समितीने कार्ड वाचून अर्ज परत पाठवला होता. आधी दारू सोडल्याचा पुरावा आणा, असं तिला सांगण्यात आलं.

"बाई, ह्यांनी जी कधी धरलीच नाही, ती सोडल्याचा पुरावा मी कुठून आणू?" ती म्हणाली. "सख्खी जाऊ मला बाजूला घेऊन विचारते, किती वर्षं लपवलंस गं? आणि तिकडे ह्यांचा जीव टांगणीला लागलाय."

विभागाचे साहेब मागून म्हणाले, "टाका तो कोड आणि मोकळ्या व्हा. डॉक्टरांनी लिहिलंय ना? आपल्या बापाचं काय जातं?"

"त्या माणसाचा जीव जातो, साहेब. मी नाही टाकत. उत्तर आल्याशिवाय ही फाइल इथून हलणार नाही."

बाईंनी डॉक्टरांना लेखी विचारलं: यकृताच्या आजाराचं कारण काय? रुग्ण बरळत होता, त्याचं कारण काय? त्या ओळी माझ्या बटणांवरून टाइप झाल्या तेव्हा मला माझा खरोखर अभिमान वाटला.

डॉक्टर तणतणत खाली आले. पण फाइल चाळताना खुर्चीत बसले ते बसलेच. "आम्ही एकमेकांचंच वाचत बसलो की हो!" ते म्हणाले आणि उठून वॉर्डात गेले. परत येऊन त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. चालकाला हात पुढे धरायला लावले, तर तळवे फडफडायला लागले. यकृताला रक्तातली घाण काढता येईना, म्हणून मेंदू गोंधळला होता. बरळणं त्याचंच होतं. रक्तात जुन्या काविळीचा विषाणू निघाला. डॉक्टरांनी कार्ड दुरुस्त करून सही केली. बाईंनी कारणाचा, पोटातल्या पाण्याचा आणि मेंदूवरच्या परिणामाचा कोड टाकला. अर्ज पुन्हा समितीकडे गेला.

मग वरून विचारणा झाली, चूक झालीच कशी? साहेबांना कुणालाच दुखवायचं नव्हतं. डॉक्टर आपले, बाई आपल्या आणि ते स्वतः तर फारच आपले! म्हणून त्यांनी लिहिलं, 'कीबोर्डचे बटण अडकल्यामुळे.' चूक वॉर्डातली आणि खापर माझ्या डोक्यावर. अहो, बटण अडकलं असतं तर 'ददददद' उमटलं असतं, 'दारू' कशी उमटेल? बाई भांडल्या, पण नवा कीबोर्ड आला आणि मी खोक्यात गेलो. ते खोकं मात्र त्यांनी अजून भंगारवाल्याच्या हाती लागू दिलेलं नाही.

आज चालक स्वतः खिडकीशी आला. डोळे पिवळे, बायकोचा आधार, पण समितीची परवानगी मिळून नाव शस्त्रक्रियेच्या यादीत लागलेलं. "माझ्या नावावर दारू लिहिणारा तो कीबोर्ड कुठाय?" त्याने विचारलं. बाईंनी मला बाहेर काढलं. त्याने जाड बोटाने माझं एकेक बटण दाबून पाहिलं. सगळी टणकन वर आली.

"आमच्या डेपोतही हेच," तो हसला. "माणूस चुकला की ब्रेक फेल! बाई, माझं कारण दुरुस्त केलंत, आता याचंही करा."

बाईंनी साहेबांच्या देखत पेन उघडलं, माझ्या पाठीवरची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'सर्व बटणे चालू.' साहेब पंख्याकडे बघत राहिले.

मित्रांनो, मला वापरा किंवा विकून टाका. पण कुणाबद्दल काही लिहिण्याआधी त्याच्यासमोर जाऊन उभे राहा, त्याला विचारा. आणि तरीही चूक झाली तर माझ्यासारख्या मुक्यावर ढकलू नका. 'मी चुकलो' हे लिहायला लागणारी सगळी बटणं माझ्याकडे आहेत. एकही अडकत नाही.