थंड पाण्याचा घोट

चित्रकलेचे मास्तर पाचव्यांदा बेशुद्ध पडले, तेव्हा नातेवाइकांनी निकाल देऊन टाकला: हृदयच कामातून गेलं. शिवणकाम करणाऱ्या त्यांच्या बायकोला ते पटेना. तिच्या मापांच्या वहीत प्रत्येक पडण्याची नोंद होती. आधी थंड पाण्याचा घोट, मग घशातून कानापर्यंत कळ, मग डोळ्यांपुढे अंधार.

दोन डॉक्टरांनी वही न उघडताच परत केली. तिसरी, कालपरवा शिकून आलेली डॉक्टरीण, शेवटच्या पानापर्यंत वाचत बसली. मग तिने मास्तरांना मॉनिटर लावून थंड पाणी पाजलं. मास्तर कळवळले आणि पडद्यावरची रेघ सहा सेकंद सपाट पडली.

"हृदय चांगलं आहे," ती म्हणाली. "घशातली नस कळवळली की त्याला थांबवते. फिट येणाऱ्यांच्या गोळ्या या कळेवर चालतात. नस निवली की हृदय थांबणार नाही."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!" बायको म्हणाली.

गोळ्या हळूहळू वाढवल्या. दहाव्या दिवशी पुन्हा मॉनिटर, पुन्हा थंड पाणी. बायकोने गळ्यातली टेप मुठीत आवळली. मास्तरांनी घोट घेतला, दुसराही घेतला. रेघ आपली उड्या मारत चालली होती.

"कळ?" डॉक्टरिणीने विचारलं.

"छे! पाणी मात्र फार गार आहे हो."

डॉक्टरिणीने हसून वही मागितली, इतरांना दाखवायला.

"खुशाल न्या, बाई," बायको डोळे पुसत म्हणाली. "फक्त मापं वाचू नका. अख्ख्या गल्लीच्या कमरा आहेत त्यात."